रिक्षाच्या ब्रेकचं रबर किट: पैसे वाचतात कधी, वाया जातात कधी

पेडल पहिल्या दाबाला तळापर्यंत जातं आणि दोन-तीन पंप मारले की मग कुठे गाडी थांबते. ‘ब्रेक बसला’ म्हणतात तो हाच प्रकार. गॅरेजमध्ये यावर दोनच उत्तरं मिळतात, ‘किट टाकू’ नाहीतर ‘सिलिंडरच बदला’. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात हे किट, म्हणजे ब्रेक सिलिंडरच्या आतल्या रबरांचा संच, मुठीत मावेल एवढ्या पुडीत मिळतं. किंमतही अशी की घरीच टाकून पाहू असा मोह होतो.

हे परीक्षण त्या पुडीचं, आणि तिच्याबरोबर जे घ्यावंच लागतं त्याचं, म्हणजे मास्टर सिलिंडरचं किट, लायनर आणि ऑइल. समोर धरली आहे ती बजाज आरई, वाळूजच्या कारखान्यातून निघणारी नेहमीची तीनचाकी. तिच्या तिन्ही चाकांना ड्रम आणि हायड्रॉलिक ब्रेक असतो, हँडब्रेक तारेवर चालतो आणि तो फक्त मागच्या चाकांना लागतो. बारामतीच्या पियाजिओ आपेचंही काम साधारण याच क्रमानं होतं, पण एकीचं किट दुसरीला बसेल असं धरून चालू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही माप बदलतं, म्हणून दुकानात मॉडेल आणि साल सांगा आणि जमल्यास जुना रबर सोबत न्या.

निकाल आधीच सांगून टाकतो. सिलिंडरचा बोअर, म्हणजे पिस्टन चालतो ती आतली गोल पोकळी, आरशासारखा असेल तर रबर किट हा रिक्षाच्या देखभालीतला सगळ्यात फायद्याचा सौदा आहे. बोअरला खड्डे पडले असतील तर कितीही चांगल्या कंपनीचं किट टाका, काही आठवड्यांत पुन्हा गळती लागणार. ड्रम उघडून बोअर पाहिल्याशिवाय किट विकत घेऊ नये.

कारण साधं आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते पाइपातून प्रत्येक चाकाच्या छोट्या सिलिंडरमध्ये येतं आणि तिथले दोन पिस्टन दोन्ही शूंना बाहेर रेटतात. शूवर चिकटवलेला किंवा रिव्हेट केलेला घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, फिरत्या ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. ऑइल अडवून धरतो तो पिस्टनमागचा रबरी कप. वाटीसारखा आकार आणि कडेला नखाच्या टोकाएवढा पातळ ओठ. दाब आला की हा ओठ पसरून बोअरच्या भिंतीला चिकटतो. म्हणजे सील होतं ते ओठ आणि भिंत या दोघांनी मिळून. किटमध्ये ओठ नवा मिळतो, भिंत तुमची जुनीच राहते.

आधी दुखणं ओळखा

पुष्कळदा गरज नसताना किट टाकलं जातं. पेडल खाली जातं पण पंप मारल्यावर घट्ट होतं आणि घट्टच राहतं, मास्टर सिलिंडरच्या ऑइलच्या डबीतली पातळीही कमी होत नाही, तर बहुतेक वेळा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं. लायनर झिजलाय किंवा ॲडजस्ट करायचा राहिलाय. तिथे पाना फिरवून काम होतं, किटला हात लावू नका.

पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनीत हवा आहे. हवा आली कुठून हे मात्र शोधावं लागतं, नुसती काढून भागत नाही.

पेडल घट्ट लागतं पण पाय तसाच दाबून धरला की हळूहळू खाली सरकतं, अशा वेळी डबी पाहा. ऑइल कमी होत असेल तर चाकाचा सिलिंडर, एखादा जोड किंवा मास्टरचं मागचं सील बाहेर गळतंय. तिन्ही चाकांच्या बॅकप्लेटच्या (ड्रममागची, शू आणि सिलिंडर धरणारी पत्र्याची थाळी) खालच्या कडा आणि टायरची आतली बाजू तपासा. ऑइल तेवढंच आणि तरीही पेडल खचतं, तर मास्टर सिलिंडरचा कप आतल्या आत दाब सोडतोय. ही परीक्षा गाडी उभी असताना एक मिनिट घड्याळ लावून करा. बाजारात जाण्याआधी कुठलं किट लागणार ते इथेच कळतं.

चौथा प्रकार उलटा, चाक जाम होतं आणि ड्रम तापतो. यात रबर किटचा संबंध शेवटी येतो. आधी हँडब्रेकची तार अडकली आहे का पाहा. मग पेडलला सुरुवातीची मोकळी चाल आहे का पाहा. पुश रॉड (पेडलचा जोर मास्टरच्या पिस्टनला देणारी दांडी) सतत पिस्टनला टेकलेला असेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र कपाखाली झाकलेलं राहतं, ऑइल डबीत परत येत नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो. त्यानंतर रबरी होस पाइप. जुना होस आतून फुगतो. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पण स्प्रिंगच्या जोरावर परत येत नाही. असा होस बाहेरून चांगला दिसतो, त्यामुळे लवकर संशय येत नाही.

उघडताना

रिक्षा एका कुशीवर आडवी करून काम करायची सवय अनेकांना आहे. ब्रेकच्या कामाला ती पद्धत नको. डबीतलं ऑइल एका बाजूला जातं, छिद्र उघडं पडतं आणि न उघडलेल्या लाइनीतही हवा शिरते. बॅटरीचं पाणी आणि पेट्रोल सांडतं ते वेगळंच. सपाट जागा घ्या, उरलेल्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा आणि गाडी जॅकवर उचलली की खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. मागच्या चाकाचं काम असेल तर हँडब्रेक पूर्ण सोडा आणि तारेचा ॲडजस्टरही सैल करा.

ड्रम निघत नाही म्हणून हातोडा मारला जातो आणि ड्रमला चीर जाते. खरं कारण बहुतेक वेळा ड्रमच्या आतल्या कडेला झिजेमुळे तयार झालेली धार असते, तिला शू अडकतात. आधी ॲडजस्टर मागे घेऊन शू आत आणा. तरीही हलला नाही तर पुलर लावा. मधला नट काढताना स्प्लिट पिन तुटणार असं धरूनच चाला. परत बसवताना ती नवीच लागते.

ड्रममधली काळी पावडर कधीही तोंडानं फुंकू नका, हवेच्या नळीनं उडवू तर अजिबात नका. बाजारातल्या सगळ्या लायनरवर ‘नॉन ॲस्बेस्टॉस’ लिहिलेलं नसतं, आणि जुन्या शूवर काय होतं ते बघून कळत नाही. मास्क लावा, पाण्याचा फवारा मारून पावडर ओली करा आणि फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, फुप्फुसं आयुष्यभर वापरायची आहेत.

शू काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. स्प्रिंग कोणत्या छिद्रात, पुढून की मागून, हे नंतर आठवत नाही. पुढच्या दिशेनं फिरताना ज्या शूला ड्रम आत ओढतो तो शू जास्त झिजतो, त्यामुळे दोन शूंची जाडी वेगळी दिसली तर घाबरू नका. एकाच लायनरची एक बाजू जास्त खाल्लेली असेल तर मात्र बॅकप्लेट वाकली आहे किंवा पिन ढिली आहे.

आता सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे डस्ट कव्हर बोटानं थोडे मागे करा. आत किंचित ओलावा चालतो. थेंब ओघळला तर कप संपला.

निर्णय बोअरमध्ये होतो

सिलिंडर खोलून पिस्टन, कप आणि स्प्रिंग बाहेर काढा. बोअर ताज्या ब्रेक ऑइलनं धुवा. पेट्रोल, डिझेल, घासलेट यांपैकी काहीही नको. ब्रेकचे रबर खनिज तेलाला टिकत नाहीत, फुगतात आणि मऊ पडतात. कोपऱ्यात राहिलेला घासलेटचा एक थेंब नव्या कपाला पुरतो. ऑइल नको असेल तर स्पिरिट चालतं, ते पूर्ण उडून जाऊ द्या. पुसायला सूत न सुटणारं कापड घ्या.

मग मोबाइलचा टॉर्च एका टोकाला धरा आणि दुसऱ्या टोकातून पाहा. तपकिरी डाग दिसतील, ते बोटानं किंवा ऑइलच्या फडक्यानं निघत असतील तर ती नुसती घाण आहे. सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके पुसूनही जागेवरच राहतात, ते खड्डे. नख फिरवा. नख अडकलं की तो सिलिंडर गेला.

या खड्ड्यांची जागा नीट पाहा, कारण नेहमी पडणाऱ्या एका कोड्याचं उत्तर तिथे आहे. नवे लायनर टाकले, ब्रेक मस्त झाला आणि आठवड्यात सिलिंडर गळायला लागला. लोक लायनरला किंवा मेकॅनिकला दोष देतात. होतं असं: लायनर जसजसा झिजतो तसतसे पिस्टन बाहेर सरकत जातात आणि कप बोअरच्या बाहेरच्या पट्ट्यात घासत राहतात. मधल्या भागात पाणी मुरलेलं जुनं ऑइल साचून गंज धरतो. जाड नवे शू आले की पिस्टन आत ढकलले जातात आणि वर्षानुवर्षं गुळगुळीत जागेवर चाललेला कपाचा ओठ एकदम त्या गंजलेल्या पट्ट्यावर येतो. म्हणून लायनर बदलायचे तेव्हा सिलिंडरही उघडून पाहायचाच, गळत नसला तरी.

बिडाचा सिलिंडर असेल आणि डाग वरवरचा असेल तर सगळ्यात बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटाभोवती गुंडाळा आणि गोल फिरवत घासा. लांबीच्या दिशेनं घासलं तर उभ्या रेघा पडतात आणि ऑइलला बाहेर पडायला तीच वाट होते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला पेपर लावूच नका. त्याच्या आतल्या भिंतीवर कठीण केलेला थर असतो, तो गेला की खालचा मऊ धातू भराभर खाल्ला जातो. तिथे डाग निघाला नाही तर सरळ असेंब्ली, म्हणजे पूर्ण नवा सिलिंडर, घ्या.

पावसाळ्यात पाण्यातून चालणाऱ्या गाड्यांत आणखी एक गंज दिसतो, डस्ट कव्हरच्या आत आणि कपाच्या बाहेर, पिस्टनच्या तोंडाशी. तिथून ऑइल गळत नाही पण पिस्टन अडकतो, एकाच बाजूचा शू काम करतो आणि गाडी ओढते. किटमध्ये डस्ट कव्हर असतात ते यासाठीच. कप बदलून जुनेच कव्हर लावणाऱ्याचे किटचे अर्धे पैसे पाण्यात जातात.

पुडी उघडून पाहा

चाकाच्या सिलिंडरच्या साध्या किटमध्ये एका सिलिंडरचे दोन कप आणि दोन डस्ट कव्हर येतात, काहींत स्प्रिंगही असते. दुकानदार याला मायनर किट म्हणतात. पिस्टनसकट येतं ते मेजर किट. पिस्टनच्या अंगावर रेघा असतील तर मायनर पुरत नाही. दुकानातून निघण्याआधी पुडीत काय काय आहे ते मोजा.

चांगल्या कपाची ओळख उजेडात होते. ओठाची कडा सगळीकडे सारखी पातळ आणि अखंड असते. साच्याच्या जोडाची रेघ ओठावरून गेलेली नसते. बोटांत दाबून सोडला की लगेच गोल होतो. स्वस्त पुड्यांत ओठावर केसासारखी रबराची तूस दिसते. ती कात्रीनं कापून बसवण्याचा सल्ला मिळाला तर पुडी परत करा. कपावर मापाचा आकडा उठवलेला असेल तर तो जुन्याशी जुळवा, आणि रबर असल्यामुळे पॅकिंगची तारीखही पाहा. दोन-तीन वर्षं टपरीच्या उन्हात लटकलेलं किट नवं नसतं.

कंपनीचं सीलबंद किट आणि सुट्या पुडीतलं किट यांच्या किमतीत फरक आहे, पण तो भरावा असं आमचं ठाम मत आहे. सुटं किट घेतलंच तर एक कप व्हर्नियरनं मोजा, झाकणबंद बाटलीत ब्रेक ऑइलमध्ये एक दिवस बुडवून ठेवा आणि परत मोजा. किंचित फुगणं ठीक आहे, सीलला ते लागतंच. मऊ चिकट झाला, ऑइल काळं पडलं किंवा आकार डोळ्यांना दिसण्याइतका वाढला तर त्या पुडीवर प्रवाशांचा जीव सोपवू नका.

बसवताना कप, पिस्टन आणि बोअर ताज्या ब्रेक ऑइलनं ओले करा. साधं ग्रीस लावायचं नाही, चाकाचं नाही आणि चेसिसचंही नाही. दोन्ही कपांचे ओठ एकमेकांकडे, मधल्या स्प्रिंगकडे तोंड करून. ओठाचं तोंड नेहमी दाबाच्या बाजूला असतं. कप उलटा गेला तर पहिल्याच पेडलला ऑइल बाहेर येतं. ओठ आत जाताना तिरपा दुमडतो, तिथे स्क्रू ड्रायव्हर लावू नका. बोटानं एक बाजू आधी आत घ्या आणि गोल फिरवत बाकीचा सरकवा.

मास्टर सिलिंडरचं किट घरी करण्यासारखं आहे का? एकेरी मास्टर असेल आणि हात बसलेला असेल तर हो. टँडेम मास्टर, म्हणजे दोन सर्किटांचा, असेल तर पहिल्यांदा जाणकाराच्या नजरेखालीच करा. त्यात दिसायला सारखे पण कामाला वेगळे कप असतात, काहींचं तोंड पुढे तर काहींचं मागे. खोलताना प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर निघाला त्याच क्रमानं आणि त्याच तोंडानं ओळीत मांडा, नवा तुकडा जुन्याच्या शेजारी ठेवा आणि मगच बसवा. सरक्लिपसाठी तिचीच पक्कड लागते. मास्टरचा बोअर खराब असेल तर किटचा विचारच सोडा, पूर्ण असेंब्ली. चाकाचा एक सिलिंडर गळला तरी टँडेममध्ये दुसरं सर्किट थोडाफार ब्रेक देतं, पण मास्टरच्या आतली भिंत गेली तर भरवसा कशाचाच उरत नाही. नवा किंवा किट टाकलेला मास्टर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच ऑइल भरून पिस्टन हळूहळू दाबा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा, पुढचा अर्धा त्रास वाचतो.

लायनर नेहमी जोडीनं, मागच्या दोन्ही चाकांचे एकदम. एका चाकात नवे आणि दुसऱ्यात जुने ठेवले तर ओल्या रस्त्यावर गाडी आडवी वळते. रिव्हेटचे लायनर रिव्हेटचं डोकं ड्रमला लागण्याआधीच बदलायचे असतात, कारण एकदा डोकं घासलं की ड्रमला नाळी पडते आणि तो लेथवर न्यावा लागतो. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असेल तर त्यापुढे कापायचं नाही. नुसता शू परत घेऊन त्यावर रिव्हेटनं लायनर ठोकून देणारे कारागीर अजून आहेत, आणि काहींचं काम उत्तम असतं. पण लायनर आणि शूच्या मध्ये कागद सरकला तर ते काम परत द्या. ग्रीस किंवा ब्रेक ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलनं धुऊन, जाळून परत वापरायचा नाही, आत मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं. ग्रीस आलं असेल तर हबचं सील आधी बदला, नाहीतर नवे लायनरही तसेच होतील.

ऑइल आणि हवा

डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल घ्या. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १४० अंशांपर्यंत चालवून घेतला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणासारख्या दमट हवेत तर जास्तच. लांब उतारावर ड्रम तापले की पाणी मुरलेलं ऑइल सिलिंडरमध्ये उकळतं, वाफ दबते आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून छोटी सीलबंद बाटली घ्या. संपूर्ण लाइन धुऊन काढायला अर्धा लिटर हाताशी ठेवा आणि उरलेलं वर्षभर फळीवर ठेवून वापरू नका. कॅनमधून सुटं ओतून देणाऱ्याकडून तर घेऊच नका. डॉट ३ आणि ४ एका जातीचे आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलून निघतो.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टरपासून पाइपानं सगळ्यात लांब पडणाऱ्या मागच्या चाकापासून सुरुवात, मग दुसरं मागचं, शेवटी पुढचं. चाकाच्या सिलिंडरवरचं हवा काढायचं निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा आणि रिंग पानाच लावा. फिक्स पान्यानं डोकं गोल होतं, आणि तुटलं तर सिलिंडरच बदलावा लागतो. निपलवर पारदर्शक नळी चढवा आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं राहू द्या. वरच्यानं तीन-चार सावकाश पंप मारून पेडल दाबून धरायचं, खालच्यानं निपल अर्धा आटा उघडायचं, बुडबुडे आणि ऑइल आलं की बंद करायचं. बंद झाल्याचं ओरडून सांगितल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. इथे घाई झाली की निपलमधून हवा परत आत ओढली जाते. डबी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. बाटलीत जमलेलं ऑइल परत डबीत ओतायचं नाही.

एक गोष्ट फार कमी लोक करतात. जुना मास्टर तसाच ठेवून हवा काढत असाल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल पूर्ण तळाला जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन बोअरच्या शेवटच्या टोकापर्यंत कधी जात नाही, तिथे घाण आणि गंज साठलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत मारलं की चांगला चालणारा कप त्या खरखरीत भागावर घासून फाटतो. ‘चाकाचं किट टाकलं आणि मास्टर गेला’ ही तक्रार बहुतेक इथूनच येते, आणि किटचा त्यात काहीच दोष नसतो.

नंतर ॲडजस्टमेंट. मॉडेलनुसार ॲडजस्टरची रचना बदलते, पण रीत एकच. चाक अधांतरी ठेवून शू चाकाला अडवेपर्यंत बाहेर घ्या, पेडल दोनदा दाबून शू मध्यावर येऊ द्या, मग चाक हातानं मोकळं फिरेल इतकं मागे घ्या. हलका घासल्याचा आवाज चालतो, जोर लागता कामा नये. पायाचा ब्रेक पूर्ण झाल्यावरच हँडब्रेकची तार ओढायची. आधी तार ओढली तर शू तिच्यावरच टेकलेले राहतात आणि ॲडजस्टमेंट झाल्याचा भास होतो. पुश रॉडची मोकळी चाल शेवटी पुन्हा एकदा पाहा.

पेडल एक मिनिट दाबून धरा, खचता कामा नये. मोकळ्या मैदानात रिकामी गाडी चालण्याच्या वेगानं, मग थोड्या जास्त वेगानं थांबवून पाहा. दोन-तीन किलोमीटर फिरून आल्यावर तिन्ही ड्रमांजवळ हात न्या. एकच जास्त गरम असेल तर तिथे शू घट्ट आहे किंवा पिस्टन परत येत नाही. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर २ वर्षांनी आणि पुढे दर वर्षी असतं. ब्रेकचं काम त्याच्या आदल्या रात्री काढू नका. लायनर ड्रमला बसायला थोडं अंतर लागतं, आणि बसण्याआधी मागच्या दोन चाकांचा ब्रेक सारखा लागत नाही.

पहिल्या रात्री गाडीखाली तिन्ही चाकांच्या खाली स्वच्छ पुठ्ठा टाका. सकाळी पुठ्ठा बघा आणि बॅकप्लेटच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. बोट कोरडं निघालं आणि डबीतली पातळी हलली नसेल तर गाडी धंद्यावर काढायला हरकत नाही. आठवड्यानं लायनर बसल्यावर ॲडजस्टर एकदा परत पाहावा लागतो, तेव्हा मधल्या नटाची स्प्लिट पिनही बघून घ्या.